जुनी प्रवासी ट्रंक: कधीची, कोणाची, कुठे फिरलेली? माग काढायची रीत

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी कोपऱ्यांची ट्रंक घेतली की तिच्यावर एक गोष्ट फुकट मिळते: ‘साहेबाची पेटी आहे, थेट विलायतेहून आलेली.’ गोष्ट खरी असेलही. पण सांगणाऱ्याने ती बहुधा आधीच्या विकणाऱ्याकडून ऐकलेली असते, एवढंच.

पेटीचा इतिहास काढायचा म्हणजे तीन निराळे प्रश्न सोडवायचे: ती बनली कधी, कोणाकोणाकडे होती आणि फिरली कुठे. या तिन्हींच्या तारखा क्वचितच जुळतात. १८९५ च्या सुमाराची पेटी वडिलांकडून मुलाकडे जाऊन १९३० मध्ये पहिल्यांदा बोटीवर चढू शकते आणि १९५२ मध्ये तिला नवं कुलूप बसू शकतं. म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर तीन रकाने आखा आणि कुठला पुरावा कुठल्या रकान्यातला ते ठरवूनच लिहा. नवखा माणूस नेमका इथे फसतो. कुलपावरचं साल तो पेटीचं साल धरतो आणि लेबलावरच्या बोटीत झाकणावरच्या नावाचा माणूस बसवून मोकळा होतो.

आणखी एक सवय लावून घ्या. प्रत्येक पुराव्यापुढे ‘याआधीचं नाही’ किंवा ‘यानंतरचं नाही’ असा शेरा लिहायचा. नेमकं साल सांगणारा पुरावा फार कमी मिळतो. दोन्ही बाजूंनी आवळत गेलं की दहा-पंधरा वर्षांचा पट्टा हाती येतो, आणि पुढच्या शोधाला तेवढा पुरतो.

लागणारं सामान

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग
- साधा टॉर्च आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च
- इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असलेला टेप
- छोटं लोहचुंबक
- मऊ, कोरडा, रुंद ब्रश
- बटर पेपर आणि मऊ पेन्सिल
- एन-९५ मास्क, हातमोजे
- वही आणि फोनचा कॅमेरा

मास्क शोभेसाठी नाही. जुन्या पेट्यांत बुरशी असते, डांबराच्या गोळ्यांचा चुरा असतो, आणि कधीकाळी कोणी कीटकनाशकाची पूड मारलेली असू शकते.

## १. पुसण्याआधी फोटो

घरी आणल्यावर पहिला हात फडक्याकडे जातो. थांबवा. लेबलं खळीने किंवा सरसाने चिकटवलेली असतात. ओलं फडकं लागलं की सुटतात. कॅनव्हासवर रंगवलेली अक्षरं इतकी सुकलेली असतात की घासली की भुकटी होऊन फडक्यावर येतात. पितळेच्या पॉलिशने कुलपावरचा उथळ ठसा झिजतो, आणि तारीख नेमकी त्या ठशातच असते. वार्निश तर नकोच. कडक उन्हातही ठेवू नका, कातडं तडकतं. कुबट वास जायला सावलीत, झाकण उघडं ठेवून चार-पाच दिवस पुरतात.

सहाही बाजू, आतल्या चार भिंती, झाकणाची आतली बाजू, ट्रे उचलून त्याखालचा तळ, प्रत्येक कुलूप, प्रत्येक मूठ, प्रत्येक कोपरा यांचे फोटो घ्या. शेजारी टेप धरा. अस्तर कुठे सुटलं असेल तर त्यामागे टॉर्च मारून बघा, पण सोलू नका. ट्रेच्या खाचेत तिकिटाचा तुकडा, धोब्याची खूण असलेली कापडी चिंधी, टाचणीला अडकलेली चिठ्ठी असं काहीबाही निघतं. किल्ली नसेल तर कुलूप फोडू नका. जुनी कुलपं हाताळणारा किल्लीवाला बरेचदा न फोडता उघडून देतो.

त्याच दिवशी विकणाऱ्याने सांगितलेलं जसंच्या तसं लिहून काढा. मात्र ‘कोणाची होती?’ असं विचारू नका, त्याने गोष्टच ऐकायला मिळते. विचारा, ‘ही कुठल्या भागातून आली? हिच्याबरोबर आणखी काय आलं?’ जुना बंगला रिकामा होतो किंवा चाळ पुनर्विकासाला जाते, तेव्हा सगळं सामान एकगठ्ठा उचललं जातं. पेटीवरचं पुसट नाव त्याच गठ्ठ्यातल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर किंवा फोटोच्या फ्रेममागे स्वच्छ वाचता येतं. ते पुस्तक आठवडाभरात रद्दीत जाईल, तेव्हा लगेच परत जा. मटण स्ट्रीटची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात (त्या दिवशी पहाटे रस्त्यावर भरतो तो वेगळा बाजार), आणि पुण्याचा जुना बाजार बुधवारी व रविवारी भरतो.

## २. आकारावरून जात ओळखा

बुटकी, सपाट, साधारण १३-१४ इंच उंचीची पेटी म्हणजे केबिन ट्रंक. ती बोटीतल्या बंकाखाली सरकावी म्हणून बुटकी. तिच्यापेक्षा उंच, लाकडी पट्ट्या मारलेली पेटी बोटीच्या तळात जायची. उभी करून कपाटासारखी उघडणारी, एका बाजूला हँगर आणि दुसऱ्या बाजूला खण असलेली वॉर्डरोब ट्रंक मुख्यतः विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतली. काळा रंग दिलेली पत्र्याची ‘युनिफॉर्म केस’ लष्करी किंवा सरकारी अधिकाऱ्याची; वाळवी आणि दमट हवा यांच्यापुढे इथे लाकडापेक्षा पत्रा टिकायचा. उघडताच कापराचा वास आला तर ती पूर्वेकडची, बहुधा चीन-हाँगकाँगकडची, कापूरलाकडाची पेटी.

बाहेरची मापं दोन्ही एककांत घ्या. ३०, ३३, ३६ अशी पूर्ण इंचांत बसली तर इंग्रजी किंवा अमेरिकन कारखान्याकडे कल. सेंटिमीटरमध्ये गोल आकडा आला तर युरोपकडे. हा फक्त कल आहे, पुरावा म्हणून लिहू नका.

## ३. खिळे, स्क्रू, कुलूप

फुलीची खाच असलेला स्क्रू दिसला तर तो १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचा. तो एखाद्याच बिजागरीला असेल तर ती दुरुस्ती. सगळीकडे असेल तर पेटीच तेवढी अलीकडची. लोहचुंबक ‘पितळी’ कोपऱ्याला चिकटलं तर तो पितळेचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. आजच्या शोभेच्या ट्रंकांना असे कोपरे सर्रास असतात.

कुलूप मात्र सावकाश बघा. बटर पेपर ठेवून पेन्सिलीची आडवी बाजू हलकेच फिरवा. डोळ्यांना न दिसणारा ठसा कागदावर उमटतो. त्यावर पुढच्यांपैकी काही सापडेल:

- चौकटच्या पत्त्यासारखी खूण, टोकांना अक्षरं आणि आकडे. ही इंग्लंडमधल्या नोंदणीकृत नमुन्याची खूण, १८४२ ते १८८३ मधली. १८६७ पर्यंत सालाचं अक्षर वरच्या टोकाला असायचं, १८६८ पासून उजव्या टोकाला. सर्वांत वर रोमन एक असेल तर वस्तू धातूची.
- ‘आर-डी’ (म्हणजे ‘रजिस्टर्ड’) ही दोन अक्षरं आणि पुढे आकडा. हा क्रम १८८४ मध्ये एकपासून सुरू झाला, म्हणजे वस्तू त्याआधीची नाहीच. आकड्यावरून नोंदणीचं साल काढता येतं. मूळ नोंदी लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.
- ‘पेटंट’ आणि तारीख. अमेरिकन कुलपांवर हे भरपूर. कनेटिकटमधल्या टेरीव्हिल गावच्या ईगल लॉक कंपनीची कुलपं खूप पेट्यांवर दिसतात. अमेरिकन पेटंट मंगळवारी दिली जातात. तेव्हा वाचलेली तारीख कॅलेंडरमध्ये बघा. मंगळवार नसेल तर तुम्ही ३ चा ८ वाचलाय. तारखेऐवजी क्रमांक असेल तर गुगल पेटंटवर टाका. अंदाजासाठी: पाच लाखावं पेटंट १८९३ चं, दहा लाखावं १९११ चं.

पेटंटची तारीख म्हणजे कुलूप घडवल्याची तारीख नव्हे. तोच नमुना वीस-वीस वर्षं निघत राहायचा. वहीत लिहायचं ते ‘याआधीचं नाही’ एवढंच.

कुलूप मूळचं आहे का, हे त्याच्या आजूबाजूला कळतं. बुजवलेली जादा भोकं, कॅनव्हासवर आधीच्या मोठ्या कुलपाची गडद सावली, दोन बिजागऱ्यांचे वेगळे खिळे यांपैकी काही दिसलं की कुलपाचं साल पेटीच्या रकान्यातून काढून दुरुस्तीत टाका.

## ४. बनवणाऱ्याचं लेबल

झाकणाच्या आत, मधोमध किंवा कोपऱ्यात कागदी वा कापडी पट्टी असते. त्यात नावापेक्षा पत्ता बोलका, कारण दुकानं जागा बदलतात, कंपन्या नावं बदलतात आणि या बदलांची सालं माहीत असतात.

मुंबईत हमखास भेटणारं उदाहरण आर्मी अँड नेव्हीचं. लंडनच्या १०५, व्हिक्टोरिया स्ट्रीटवरची, अधिकाऱ्यांसाठी दुकान चालवणारी ही सहकारी संस्था १८७१ ची. मुंबईत तिची शाखा १८९१ मध्ये निघाली, कलकत्त्यात १९०१ मध्ये. काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही उभी आहे. १९३४ पर्यंत नावात ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ होतं, लेबलावर बरेचदा नुसतं ‘सी.एस.एल.’. त्यानंतर ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स लिमिटेड’. म्हणजे ‘सी.एस.एल.’ वाचलंत की १८७१ ते १९३४ हा पट्टा एका झटक्यात मिळाला. लेबलावर मुंबईचा उल्लेख असेल तर खालची मर्यादा १८९१ वर येते.

फ्रेंच ब्रँडची पेटी आपल्याकडे क्वचित आणि नक्कल भरपूर. लुई व्हितॉचं अक्षरचिन्हांचं कापड १८९६ चं, त्याआधीचं चौकड्यांचं १८८८ चं. अस्सल पेटीत लेबलावर एक क्रमांक आणि कुलपावर दुसरा असतो. दोन्ही टिपून कंपनीलाच विचारा. बाकी कोणाच्या ‘सर्टिफिकेट’ला अर्थ नाही.

देशी लेबलाचं गणित सोपं. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. ‘बॉम्बे ४’ लिहिलं असेल तर बहुधा त्याआधीचं, ‘४०० ००४’ असेल तर नक्की नंतरचं. किमतीत ‘नये पैसे’ असतील तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. ‘पूना’ आणि ‘बॉम्बे’ यांवर फार विसंबू नका. सरकारी बदलानंतरही दुकानदारांनी जुने छापील कागद संपेपर्यंत वापरले.

अस्तर म्हणून वर्तमानपत्र चिकटवलेलं असेल तर आनंद जरा आवरा. त्यावरची तारीख अस्तराची आहे, पेटीची नाही. घरोघरी जुनं अस्तर फाटलं की हाताशी येईल तो ‘केसरी’ लावला जायचा. पण पान जपा. ती पेटी त्या सुमाराला मराठी घरात होती, याचा एवढा चांगला पुरावा दुसरा मिळणार नाही. आतल्या कागदावर मोडी अक्षर असेल तर वाचून घ्या. मोडी शिकवणारे वर्ग आणि वाचून देणारे जाणकार पुण्या-मुंबईत मिळतात.

## ५. रंगवलेली नावं

खोलीत अंधार करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. रंग गेलेला असला तरी ब्रशच्या कडेची उंची राहते आणि तिची सावली पडते. चारही बाजूंनी प्रकाश टाकून चार फोटो घ्या, मग फोनमध्ये रंग उलटे करून आणि कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. नावावर नाव, हुद्द्यावर हुद्दा रंगवलेला असतो. प्रत्येक थर वेगळा नोंदवा.

समजा, झाकणावर ‘कॅप्टन’, आडनाव आणि खाली ‘११० एम.एल.आय.’ असं आहे. आडव्या उजेडात ‘कॅप्टन’खाली ‘लेफ्टनंट’ची अक्षरं दिसतात. एम.एल.आय. म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री. ११० हा क्रमांक या पलटणीला १९०३ च्या फेररचनेत मिळाला. त्याआधी ती १०वी बॉम्बे होती. १९२२ मध्ये ती ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली आणि पेट्यांवर ‘३/५’ येऊ लागलं. म्हणजे मालकाने पेटी रंगवली ती १९०३ ते १९२२ मध्ये, आणि त्याच काळात तो लेफ्टनंटचा कॅप्टन झाला. आता इंडियन आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील सरकारी यादीत, त्या आडनावाचा, त्या पलटणीतला, त्या वर्षांत बढती मिळालेला अधिकारी शोधायचा. असे फार तर एक-दोनच निघतील. नुसतं आडनाव घेऊन बसला असता तर शंभर निघाले असते.

आणखी काही आद्याक्षरं: आय.सी.एस. म्हणजे मुलकी सेवा, आय.एम.एस. वैद्यकीय सेवा, पी.डब्ल्यू.डी. बांधकाम खातं. आर.आय.एम. म्हणजे रॉयल इंडियन मरीन, हे नाव १९३४ पर्यंतच. मग रॉयल इंडियन नेव्ही. आर.एफ.सी. हे विमानदळ १९१२ मध्ये निघालं आणि १ एप्रिल १९१८ ला त्याचं आर.ए.एफ. झालं.

## ६. लेबलं: खरी, खोटी आणि उशिरा चिकटवलेली

आधी खोटी बाजूला काढा. जुन्या हॉटेलांच्या आणि बोटींच्या लेबलांचे संच आज सर्रास छापून मिळतात. तीन कसोट्या लावा.

भिंगाखाली बघा: रंग चार रंगांच्या बारीक ठिपक्यांच्या नक्षीतून किंवा शिंतोड्यांतून तयार झालेला दिसला तर संशय घ्या, जुन्या लेबलांत रंग बहुतेक सपाट, एकेक करून छापलेले असतात. अंधारात अतिनील टॉर्च मारा: कागद निळसर पांढरा लखलखला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात साधारण १९५० च्या पुढे रुळलं. १९२५ च्या लेबलाने लखलखू नये. (धुण्याच्या पावडरीचे डागही असेच चमकतात, तेव्हा सगळा कागद चमकतो की ठिपके, हे बघा.) तिसरी आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची कसोटी ओरखड्यांची: पेटीवरचा ओरखडा लेबलावरूनही गेलेला असतो. तो लेबलाच्या कडेशी येऊन अचानक थांबत असेल तर लेबल ओरखड्यानंतर लागलंय.

‘नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज’ लिहिलेलं लेबल बघून पेटी कोणी नाकारली असं वाटून घेऊ नका. प्रवासात लागणार नाही, तळात टाका, एवढाच त्याचा अर्थ. ठळक एकच अक्षर असलेलं लेबल सापडलं तर ते सोन्यासारखं: धक्क्यावर सामान आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावलं जायचं. बाहेरचं नाव खरवडलेलं असलं तरी अक्षर मिळालं.

बोटीच्या नावावरून पट्टा आणखी आवळतो. पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीची ‘रावळपिंडी’ १९२५ ते नोव्हेंबर १९३९. ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ १९२९ ते १९४२. ‘स्ट्रॅथमोर’ १९३५ पासून. फसगत होते ती एकाच नावाच्या दोन बोटींत. ‘कॅलेडोनिया’ पी. अँड ओ.ची होती आणि अँकर लाइनचीही. लॉइड त्रिएस्तिनोची ‘व्हिक्टोरिया’ एक १९३१ ची, दुसरी १९५३ ची. कंपनीचं नाव किंवा झेंडा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रेल्वेची लेबलं लोक दुर्लक्षितात, आणि ती फार कामाची. ‘जी.आय.पी.’ आणि ‘बी.बी. अँड सी.आय.’ ही नावं नोव्हेंबर १९५१ मध्ये मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्यावर संपली. ‘कुलाबा’ स्टेशन १९३० च्या अखेरीस बंद झालं, त्याच महिन्यात बॉम्बे सेंट्रल सुरू झालं. ‘बॅलार्ड पिअर मोल’ हे मुंबई बंदरातलं स्टेशन असेल तर १९२० ते १९४४. विलायतेची डाक घेऊन निघणाऱ्या गाड्या बोटीशेजारूनच सुटायच्या.

विमानाचं लेबल असेल तर ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ हे नाव १९४८ ते १९६२ या काळातलं.

गोव्यातून आलेल्या पेट्यांवर ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘करंजा’, ‘कंपाला’ ही नावं दिसतात. या मुंबई-पूर्व आफ्रिका मार्गावरच्या बोटी. ‘मोंबासा’, ‘दारेसलाम’ पाहून इंग्रज साहेब शोधू नका. नैरोबीत कारकुनी करणाऱ्या म्हापशाच्या माणसाची पेटी असायची शक्यता कितीतरी जास्त.

## ७. नावाकडून माणसाकडे

नाव, पट्टा आणि शक्यतो एक प्रवास हाती आल्यावरच हे सुरू करा. क्रम असा ठेवा, म्हणजे फुकटातलं आधी संपतं:

1. इंडियन आर्मी लिस्ट आणि थॅकरच्या डिरेक्टऱ्या (नाव-पत्त्यांची जुनी वार्षिक पुस्तकं). इंटरनेट अर्काइव्हवर बरेच खंड मोफत आहेत.
2. लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र. नेमणुका, बढत्या, निवृत्ती यांच्या नोंदी, मोफत.
3. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’चा शोधसंग्रह, मोफत.
4. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ पोर्टल, आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख संचालनालय. जाताना ओळखपत्र आणि विषय नेमका लिहिलेला अर्ज न्या. ‘माझ्या पेटीविषयी माहिती हवी’ म्हणालात तर कोणी मदत करू शकणार नाही. खातं, हुद्दा, दशक सांगा.
5. जुन्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे अंक. डाकेच्या बोटीने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या त्यात छापल्या जात. मोठ्या ग्रंथालयांत डिजिटल संग्रह मिळतो.
6. ब्रिटनच्या प्रवासी याद्या: येणाऱ्यांच्या १८७८ ते १९६०, जाणाऱ्यांच्या १८९० ते १९६०. पैसे भरून वंशावळीच्या संकेतस्थळांवर बघता येतात.
7. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (लंडनमधून भारताचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या) नोंदी. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांत मुंबई इलाख्याची मालिका ‘एन/३’.

सहाव्या ठिकाणी नाव मिळालं नाही म्हणून माणूस गेलाच नाही असं ठरवू नका. बिस्केच्या उपसागरातलं बोट लागणं टाळायला पुष्कळ लोक लंडनहून रेल्वेने मार्सेयला जात आणि तिथे बोटीवर चढत. ते इंग्लंडच्या बंदराच्या यादीत येतच नाहीत. पी. अँड ओ.कडेही प्रवाशांच्या जुन्या याद्यांचा संग्रह नाही, त्यामुळे तिथे पत्र लिहून महिने घालवू नका. डेकच्या, म्हणजे केबिनशिवाय स्वस्त तिकिटावर जाणाऱ्या प्रवाशांची नावं वर्तमानपत्रात शोधणं तर व्यर्थच.

माणूस सापडला असं कधी म्हणायचं? नाव सोडून आणखी दोन गोष्टी, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या, जुळल्या तर. पलटण आणि बोटीची तारीख, किंवा हुद्दा आणि गठ्ठ्यातल्या पुस्तकावरची सही. नुसती आद्याक्षरं जुळणं म्हणजे काहीच जुळलेलं नाही. पेटीत कोणाची पत्रं किंवा कागद निघाले आणि घरचे हयात असतील, तर आधी त्यांना कळवा. फोटो सगळीकडे टाकणं नंतर.

## ८. नोंद आणि कायदा

सापडलेलं सगळं दोन पानांत लिहून, फोटोंच्या प्रिंटसह, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात घालून पेटीतच ठेवा. पाकीट चिकटवू नका आणि सेलोटेप तर मुळीच नको. दहा वर्षांत तो पिवळा पडून अस्तर घेऊन निघतो. खरेदीची पावतीही त्यातच.

पेटी परदेशी न्यायची असेल तर आधी वय बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पेटी त्याहून अलीकडची असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला काढा, आणि तो पॅकर्सना बोलावण्याआधी. कस्टमने जुनाट दिसणारी पेटी अडवली तर तुमची दोन पानांची नोंद तिथे चालत नाही, हा दाखलाच लागतो.